जे म्हणायचं ते लेखी द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही डिसेंबरात अधिवेशनाला नागपूरला येता, तेव्हा आमची कापूस वेचणी ऐन भरात असते. एक दिवस मोडला की मजुरी गेली. म्हणून मोर्चात न येता हे पत्र.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा राहत नाही. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर, ६५ टक्के अपंगत्व. चालता येत नाही, बोललेलं समजून घ्यायला समोरच्याला थोडा धीर लागतो. पण फाट्यावर एसटी दिसली की पाटी माझ्याआधी तो वाचतो. मागच्या जुलैत शाळेत मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, रोज कायले आणता याले? घरीच राहू द्या. हजेरीचं आमी पाहून घेऊ."

आणि खरंच पाहून घेतलं. दिवाळीनंतर हजेरीपट बघितला, तर सगळे महिने हजर. पायाच्या ऑपरेशनसाठी तो आठ दिवस नागपुरात भरती होता, तेही आठ दिवस हजर!

घरी शिकण्याची सोय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली आली, तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी. पण तिथे तो मुलाचा पर्याय आहे. शाळेनं गळ्यात घालायची गोष्ट नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. कलम १६ म्हणतं, भेदभाव न करता प्रवेश, पोहोचता येईल अशी इमारत, येण्याजाण्याची सोय. आमच्या शाळेला रॅम्प आहे, खोटं कशाला बोलू. तो संपतो तिथे वीतभर पायरी आहे.

तक्रार कर म्हणतात सगळे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार केली, तर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. पण तक्रारीला जोडू काय? मला कुणी कधी 'नाही' असं कागदावर म्हटलंच नाही. जे झालं ते व्हरांड्यात, आवाज हळू करून.

विशेष शिक्षिका येतात, जीव लावून शिकवतात. पण त्यांच्याकडे किती गावं! सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ते ठरवलं: प्राथमिकला दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागे एक विशेष शिक्षक. आमच्या विशेष शिक्षिकेकडे मुलाच्या शिकण्याचा वैयक्तिक आराखडा आहे म्हणे. त्यात काय लिहिलंय ते त्याच्या आईला माहीत नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून असा आराखडा ठरवायला पालक बैठकीत असतो, आणि शाळेला नकार द्यायचा असेल तर कारणांसकट लेखी द्यावा लागतो. तिथलं सगळं गोड असेल असं नाही, पण ही एक गोष्ट आणायला पैसे लागत नाहीत. एक शासन निर्णय पुरे: आराखड्यावर पालकाची सही आणि एक प्रत त्याच्या हातात. प्रवेश, मदतनीस, प्रवास भत्ता, काहीही नाकारलं तर कारण लिहून, सही-शिक्क्यासह.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, त्यात आमच्यासारख्यांनाही जागा आहे. मी विचारलं तर उत्तर आलं, "तुमाले कुठं वेळ आहे बाप्पा?" हेही तोंडीच.

सोमवारी मी मुलाला कडेवर घेऊन शाळेत जाणार आहे. अर्जाच्या दोन प्रती लिहून ठेवल्यात: त्याला रोज वर्गात बसू द्या, नसेल जमत तर का ते लिहून द्या. एक प्रत त्यांना, दुसरीवर पोच. शिक्का देईपर्यंत व्हरांड्यातच बसेन. वेचणीचा तो दिवस गेला तर गेला.

आपली,
एक आई, जि. यवतमाळ