घाणेरी काढणाऱ्या मामांना आभाराचं पत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तरी ते सगळ्यांसमोर लिहितेय, त्याला कारण आहे. दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यात रान साफ करायची घाई सुरू होते. गारगोटीपासून आजऱ्यापर्यंत कुठंही जा, कुणी जेसीबी सांगून ठेवलेला असतो, कुणी काडी लावायच्या तयारीत असतो, कुणी तणनाशकाचे पंप भरत असतो. आमच्या वरकस रानाचंही तेच व्हायचं होतं. ते टळलं ते तुमच्यामुळं, आणि कसं टळलं हे पडीक रान असलेल्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं.

पाटगावच्या खोऱ्यात, धनगरवाड्याच्या खालच्या अंगाला आमचं ते रान. आजोबांच्या काळात तिथं ताली, म्हणजे उतारावरचे आडवे बांध, घालून नाचणी आणि वरी व्हायची. वडील नोकरीसाठी कोल्हापुरात आले आणि रान पडलं. आधी गवत वाढलं, मग कडेनं घाणेरी, म्हणजे टणटणी, आत शिरली, तिच्या मागनं रानमोडीचं तण. विहिरीकडं जायची वाट बुजली. घोणशीच्या भीतीनं कुणी तिकडं फिरकेना. घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं की मशीन लावून एकदाचं स्वच्छ करून टाकू.

तुम्ही बांधावर उभं राहून एवढंच म्हणालात, "जेसीबी लावलासा तर तण जाईल, पर माती बी जाईल की वो ताई. मग पाऊस आला की वेदगंगेत बगायला जावा तुमची माती." आपल्या डोंगरउतारावर तांबड्या मातीचा थर मुळातच पातळ, खाली लगेच मुरूम नाहीतर जांभा. मशीनच्या बकेटनं झुडपं मुळासकट खरवडली की तो थर सुटा होतो आणि घाटमाथ्याच्या पावसात टिकत नाही. हे शाळेत मी स्वतः मुलांना शिकवते. पण आमच्या उतारावर, आमच्या तालींवर बोट ठेवून ते दाखवलंत तुम्ही.

पहिल्या दिवशी तुम्ही कोयता कमरेचा काढलाच नाहीत. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून घेतल्यात आणि मला बरोबर घेऊन रानभर फिरलात. "पयलं काय ठेवायचं ते बगू, काढायचं मागनं." करवंदीच्या जाळ्यांना चिंधी, तोरणीला चिंधी, धायटीला, मुरुडशेंगेला, निर्गुडीला. मला जे सगळं एकसारखं काटेरी झाडोरा दिसत होतं, त्यात तुम्ही एकेक नाव काढून दाखवलंत. एका करवंदीच्या जाळीत हात घालून आतलं बोटभर उंचीचं जांभळाचं रोप दाखवलंत, त्याच्या शेजारी ऐनाचं. पाखरं जाळीवर बसतात, बी टाकतात, आणि काट्यांमुळं गुरांचं तोंड आत पोचत नाही, म्हणून झाड तिथं जगतं. करवंदी तोडून तिथं रोपवाटिकेतलं झाड लावणं आणि मग त्याला पैसे घालून जाळीचं कुंपण करणं, ही आपली आजची रीत. फुकटचं कुंपण आणि फुकटचं झाड दोन्ही तिथंच उभं होतं.

वठलेल्या हिरड्याचं खोड मी पाडायला सांगणार होते. तुम्ही त्याच्या ढोलीला कान लावायला लावलात. आत सातेरी मधमाश्यांची वसाहत होती. पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याचं कौतुक आपण सगळे करतो. पण पेट्यांमध्ये येणाऱ्या सातेरीला मूळ घर अशा ढोलीतच मिळतं. ते खोड उभं राहिलं. वारूळही राहिलं. "खवल्या मांजर आलं तर त्याला खायला नको व्हय?" असं तुम्ही म्हणालात, आणि ते मी आमच्या घरच्यांना सांगितल्यावर वारुळाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आता घाणेरी. हे जरा सविस्तर लिहिते, कारण चुकतं ते इथंच. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेची म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली आणि तिथून देशभर पसरली. तिच्या पानांनी गुरांना विषबाधा होते, त्यामुळं कुणी तिला तोंड लावत नाही. दाट वाढली की खाली गवताची काडी उगवू देत नाही, आणि गवत संपलं की गवा उसात उतरणार, दुसरं काय करणार? वरवर छाटली तर बुडख्यातून दुप्पट फुटवे येतात. पेटवली तरी तेच. वणव्यानं वरची पानमाती आणि तिच्यातले किडे जळतात, राख पहिल्या पावसात वाहून जाते, आणि सगळ्यात आधी हिरवी होते ती घाणेरीच.

तुम्ही दोनच हत्यारं वापरलीत, टिकाव आणि कोयता. फांद्या ओढून बाजूला केल्यात, बुडाशी येऊन जमिनीखाली तीन-चार बोटं टिकाव घातलात, आणि जिथून फुटवे येतात ती गाठ तेवढी तोडून काढलीत. खालचं मूळ जमिनीतच कुजू दिलंत. सगळं मूळ उपटायचा हट्ट नाही, त्यामुळं खड्डा नाही, माती सुटी नाही. मग ते झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडं, दगडावर टेकवून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत शास्त्रीय अभ्यासातून मांडली आणि कॉर्बेटच्या जंगलात ती वापरली गेली, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही आनंदानं विचारलंत, "मग त्यांच्याकडं गवत आलं का परत?" आलं, मामा.

रानमोडीची गोष्ट वेगळी. तिची मुळं वरवर असतात, ओल असताना हातानं उपटून येते. पण तिचं बी वाऱ्यावर उडतं, म्हणून ती फुलायच्या आधी काढायला हवी. तुम्ही म्हणूनच दिवाळीनंतर लगेच तिच्यापासून सुरुवात केलीत आणि घाणेरी मागं ठेवलीत.

काम तुम्ही एका अंगानं धरलंत. चारी बाजूंनी वेढून तोडत आलं की मधल्या ससा-मुंगसांना पळायला वाट राहत नाही, हे मला सुचलंही नसतं. रोज थोडा पट्टा, आणि पुढच्या पट्ट्यात जायला जनावरांना रात्र मोकळी. वाळल्या गवतात लाव्ह्याची अंडी निघाली तेव्हा भोवतीचं गवत तसंच ठेवून चार काठ्या रोवल्यात आणि पोरांना बजावलंत की पिल्लं निघेपर्यंत इकडं फिरकायचं नाही. घर, गोठा आणि विहिरीची वाट मात्र लख्ख केलीत. माणसाला पाय टाकताना दिसलं पाहिजे, त्यात तडजोड नाही. रान राखायचं म्हणजे माणसानं जीव धोक्यात घालायचा असं काही नसतं, हे तुम्ही घरच्यांना पटवलंत, म्हणून तर बाकीचं सगळं त्यांनी मान्य केलं.

तोडलेल्या फांद्या वाळल्यावर त्यांच्या उताराला आडव्या ओळी रचल्यात, फुटलेल्या तालींच्या जागी दगडाची टेकण देऊन. पावसाळ्यात मी मुद्दाम बघायला गेले. प्रत्येक ओळीच्या वरच्या अंगाला गाळ आणि पालापाचोळा अडला होता, आणि त्या गाळात गवत उगवलं होतं. खालच्या ओघळीचं पाणी शेजारच्या रानाच्या ओघळीपेक्षा उघड्या डोळ्यांना दिसेल इतकं निवळ होतं. पाऊस सरताना मधल्या मोकळ्या तुकड्यावर तेरडा आणि सोनकी फुलली. तिथं झाडं लावूया का, असं मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही नको म्हणालात. तो तुकडा गवताचाच आहे, त्याला गवतच राहू द्या. वरच्या माळावरून पवन्या गवताचं बी आणून तुम्ही तिथं विस्कटलंत. मोकळी जागा दिसली की गिरिपुष्प नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून फोटो काढायचा, यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं काम आहे असं माझं ठाम मत आहे.

मजुरी तुम्ही गावात चालते तेवढीच घेतलीत. मशीनपेक्षा वेळ जास्त लागला, पैसेही थोडे जास्त गेले. पण ते पैसे धनगरवाड्यातल्या चार घरांत गेले आणि माती आमच्याकडं राहिली. या व्यवहाराबद्दल मला आणि माझ्या भावाला जराही खंत नाही.

तुम्ही जाताना बजावलं होतंत की पुढचे दोन-तीन पावसाळे घाणेरीची रोपं उगवत राहणार, आणि पाखरं बसतात त्या झाडांखाली आधी बघा. तसंच झालं. बुलबुल बसतात त्या उंबराखाली सगळ्यात जास्त निघाली. आम्ही सगळ्यांनी मिळून ती ओल्या मातीतून उपटली. आईसुद्धा आली होती. तिला ऐन आणि किंजळाच्या बुडख्यांना आलेले फुटवे दाखवले. ही झाडं आपण लावलेली नाहीत, घाणेरीखाली वर्षानुवर्षं दबून होती, हे सांगितल्यावर ती बराच वेळ त्यांच्याजवळ बसून राहिली.

मामा, तुमचे आभार मानायला एवढं सगळं लिहावं लागलं, कारण तुम्ही केलेलं काम नुसतं "रान साफ केलं" या तीन शब्दांत बसत नाही. तुमचं झाडांचं ज्ञान, तुमचा धीर, आणि जनावराच्या बाजूनं विचार करायची तुमची सवय, यांचं ऋण आमच्या घरावर आहे.

एक विनंती. आमच्या वरच्या अंगाचे दोन शेतकरी यंदा दसऱ्यानंतर तुम्हाला विचारायला येणार आहेत. त्यांनी जेसीबीचं ठरवलेलं रद्द केलंय. तुमचे गुडघे आता चढ सोसत नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून टिकाव तुम्ही धरू नका. वाड्यातली दोन तरुण पोरं बरोबर घ्या, तुम्ही चिंध्या बांधा आणि त्यांना गाठ कुठं तोडायची ते दाखवा. त्या पोरांची शिकण्याच्या दिवसांची मजुरी आम्ही देऊ. भावाशी बोलणं झालंय, आणि चिंध्यांसाठी आईनं दोन लुगडी काढून ठेवली आहेत.

तुमची,
खालच्या रानातली ताई
कोल्हापूर