मेहुण्यांच्या पैशावर चालणारे हॉटेल : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मराठवाड्यातील छोट्या हॉटेलांचे खेळते भांडवल, नातेवाइकांची कर्जे आणि शासनाकडे अडकलेली देयके.

महोदय,

सविनय नमस्कार.

वेरूळच्या रस्त्यावर बावीस खोल्यांचे हॉटेल मी सोळा-सतरा वर्षे चालवतो आहे. आमच्या सनदी लेखापालांनी गेल्या ३१ मार्चचा ताळेबंद हातात दिला, त्यात बँकेचे कर्ज ९४ लाख रुपये आहे आणि त्याच्या खाली ‘असुरक्षित कर्जे : मित्र व नातेवाईक’ या नावाची एक ओळ असून तिच्यापुढे ५८ लाखांचा आकडा आहे. पहिल्या आकड्याबद्दल शासन, बँक आणि वर्तमानपत्रे पुष्कळ बोलतात. दुसऱ्या आकड्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र त्याच एका ओळीविषयी आहे.

ही ओळ का निर्माण होते, ते आधी सांगतो. बँकेच्या मुदत कर्जातून इमारत उभी राहते, लिफ्ट येते, जनरेटर येतो. परंतु दर महिन्याच्या सात तारखेचे पगार, गॅसच्या टाक्या, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर आणि वीजबिल यांसाठी कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसे उचलायचे आणि भरायचे बँकेचे कर्ज, लागते, आणि ते देताना बँक गोदामातला माल आणि येणे बाकी पाहते. जिनिंगवाल्याला दाखवायला गाठी असतात, अडत्याला पोती असतात. आमचा माल म्हणजे खोलीची एक रात्र. काल रात्री जी खोली रिकामी राहिली, ती आज बँकेला द्यायच्या मालाच्या यादीत, म्हणजे स्टॉक स्टेटमेंटवर, लिहिता येत नाही. त्यातच मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात आणि त्या दिवशी निम्म्याहून अधिक चाव्या काउंटरमागच्या फळीवर टांगलेल्या राहतात. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत धंदा बरा असतो, श्रावणात घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे थोडी भर पडते, आणि एप्रिल ते जून हे तीन महिने आम्ही कर्मचाऱ्यांना सांभाळण्यापुरतेच हॉटेल उघडे ठेवतो, असे म्हटले तरी चालेल. हप्ते मात्र बाराही महिने सारख्याच रकमेचे असतात.

अशा वेळी मी जालन्याला माझ्या मेहुण्यांकडे, म्हणजे पत्नीच्या भावाकडे, जातो. मोंढ्यात त्यांची अडत आहे. सोयाबीनची आवक सुरू झाली की त्यांना स्वतःचाच पैसा पुरत नाही, पण कापूस आणि तूर आटोपल्यावर उन्हाळ्यात त्यांच्याकडे रक्कम मोकळी असते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत माझा गल्ला आटलेला असतो. शेकडा एक टक्का महिना, म्हणजे वर्षाला बारा टक्के, हा आमचा व्यवहार. रक्कम बँकेतूनच येते आणि बँकेतूनच परत जाते, आणि शिवाय त्यांच्या लाल वहीच्या एका पानावर दोघांच्या सह्या असतात. दोन हंगामांचा असा मेळ घालणारी एकही बँक योजना मला आजवर भेटलेली नाही. भावाचे आणि पत्नीचेही पैसे या ५८ लाखांत आहेत, पण मोठा वाटा मेहुण्यांचा.

कायद्याला हे नाते कसे दिसते, ते पाहण्यासारखे आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमाने जवळच्या माणसाला दिलेले व्याज बाजारापेक्षा जास्त आहे का हे तपासण्यासाठी ‘नातेवाईक’ ठरवले, त्यात पत्नी आहे, भाऊ-बहीण आहेत, आई-वडील आणि मुले आहेत, पण पत्नीचा भाऊ नाही. त्याच अधिनियमात भेट करमुक्त आहे की नाही ते ठरवताना मात्र पत्नीचा भाऊ नातेवाईक होतो. कंपनी अधिनियम २०१३ च्या यादीत तो पुन्हा बाहेर आहे. म्हणजे मेहुण्यांनी मला पैसे फुकट दिले तर ते घरचे, आणि व्याजाने दिले तर परके! रोखीचा नियम तरी सर्वांना सारखा : २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज सख्ख्या भावाकडूनही रोख घेता येत नाही, घेतले तर तेवढाच दंड. हा नियम मला चुकीचा वाटत नाही. २०२२ च्या वित्त अधिनियमाने तर कर्ज देणाऱ्याकडे तो पैसा कुठून आला, हेही सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज घेणाऱ्यावर टाकली. त्यामुळे मेहुण्यांचे विवरणपत्र, त्यांचा बँक उतारा आणि अडतीच्या पट्ट्या यांची एक वेगळी फाइल मी सांभाळतो. हॉटेलची जागा पत्नीच्या नावावर आहे, तिला मी भाडे देतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी मीच भरतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून आमच्यासारख्या साडेसात हजारांच्या आतल्या खोल्यांवरचा जीएसटी, खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीविना, ५ टक्के झाल्याने भाड्यावरचा कर पूर्णपणे खर्चात पडतो. ग्राहकाला खोली स्वस्त झाली, याबद्दल तक्रार नाही.

आता बँकेचे. कर्जाचे नूतनीकरण करताना बँक म्हणाली की तुमचे स्वतःचे भांडवल कमी पडते. नातेवाइकांच्या रकमेपैकी ४० लाख आम्ही भांडवलासारखे धरू, पण आमचे कर्ज फिटेपर्यंत ती रक्कम काढणार नाही, असे हमीपत्र त्यांनी मुद्रांकावर द्यावे. मेहुण्यांनी वाचून पाहिले आणि सही केली. पुढे त्यांच्या मुलीचे लग्न ठरले. ते पत्रिका घेऊन आले, गणपतीपुढे ठेवून मग काउंटरवर माझ्या हातात दिली, चहा घेतला, आचाऱ्याला किती माणसांचा अंदाज सांगितला आहे ते बोलले आणि पैशाचा विषय न काढता निघाले. मीही काढला नाही, कारण काढून उपयोग नव्हता. नंतर त्यांच्या बहिणीकडून, म्हणजे माझ्या पत्नीकडून, मला कळले की लग्नासाठी त्यांनी घरातले सोने एका पतसंस्थेत ठेवून चौदा टक्क्यांनी कर्ज घेतले होते. माझ्याकडून त्यांना बारा मिळत होते. माझ्या हॉटेलच्या पतमानांकनाची किंमत त्या दोन टक्क्यांतून त्यांनी भरली, आणि ती कोणत्याही कागदावर दिसत नाही.

कोरोनाच्या काळात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. १७ मार्च २०२० रोजी पुरातत्त्व विभागाने देशभरातली स्मारके बंद केली. दुसऱ्या लाटेत १६ एप्रिल ते १५ जून २०२१ या काळात ती पुन्हा बंद होती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली आणि केंद्राने आपत्कालीन पतहमी योजना आणली. तिच्या पहिल्या टप्प्यात २९ फेब्रुवारी २०२० रोजी जे कर्ज येणे असेल त्याच्या २० टक्के रक्कम नव्याने मिळत होती. मार्च २०२१ मध्ये हॉटेल आणि पर्यटन व्यवसायासाठी ते प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत नेले, मुदत सहा वर्षांची केली आणि पहिली दोन वर्षे मुद्दल फेडण्यापासून सूट दिली. योजना चांगली होती आणि तिच्यामुळेच आमच्यापैकी अनेक जण तगले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु हे प्रमाण बँकेच्या येण्यावर मोजले जात होते. ज्याने सगळा पैसा बँकेकडून घेतला होता त्याला जास्त मदत मिळाली, आणि ज्याने बँकेचे ओझे कमी ठेवून घरच्यांकडून काम भागवले त्याला कमी. माझ्या मेहुण्यांचे व्याज मी एकोणीस महिने दिले नाही. त्यांना कोणी हमी दिली नव्हती.

शासनाच्या विरुद्ध मात्र माझी एक थेट तक्रार आहे. एका शासकीय कार्यालयाने आमच्याकडे साठ जणांची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. राहणे, जेवण आणि सभागृह मिळून ३ लाख ८४ हजारांचे बिल झाले. बिल दिले त्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेला मी त्यावरचा जीएसटी भरला, चादरी धुणाऱ्या लाँड्रीचे आणि भाजीवाल्याचे पैसे चुकते केले. कार्यालयाकडून रक्कम आली ती चौदा महिन्यांनी. मधल्या काळात दर फेरीला एकच उत्तर मिळत होते, तरतूद आलेली नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज मासिक चक्रवाढीने द्यावे, असे २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो. खासगी ग्राहकाने उशीर केला तर २०२३ पासून त्याला आयकरात त्या खर्चाची वजावटही पैसे देईपर्यंत मिळत नाही, म्हणून मार्च जवळ आला की कंपन्यांचे धनादेश आपोआप येऊ लागतात. शासकीय कार्यालय आयकर भरत नाही, तेव्हा त्याला ही घाई नसते. अशा थकलेल्या देयकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुलभता परिषदेकडे दाद मागता येते, हे मला ठाऊक आहे. ती मागितली तर पुढची कार्यशाळा शेजारच्या हॉटेलात होते, हेही ठाऊक आहे. त्या चौदा महिन्यांत ३ लाख ८४ हजार रुपये मी मेहुण्यांकडूनच आणले होते. म्हणजे शासनाची कार्यशाळा एका अडत्याने उधारीवर पार पाडली.

आमची बाजू पूर्णपणे स्वच्छ आहे, असा माझा दावा नाही. नात्यातल्या व्यवहारांचा गैरवापर होतो आणि तो मी जवळून पाहिला आहे. हॉटेलसाठी घेतलेले कर्ज बायकोच्या नावावरच्या फर्ममधून प्लॉटिंगमध्ये गुंतवले, भावाच्या दुकानातून फर्निचरची फुगवलेली बिले घेतली आणि त्या फुगवट्यालाच स्वतःचा हिस्सा म्हणून दाखवले, अशी एक इमारत आमच्याच रस्त्यावर उभी आहे. तिसऱ्या मजल्याच्या सळया वर्षानुवर्षे आभाळाकडे बघत गंजत आहेत. आणि माझेही सांगतो : खाते नव्वद दिवसांच्या पुढे जाऊन अनुत्पादक ठरू नये म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मेहुण्यांकडून रक्कम आणून हप्ते भरायचे आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कॅश क्रेडिटमधून उचलून ती परत करायची, हा प्रकार मी दोन वेळा केला आहे. त्याने खाते वाचले, धंदा सुधारला नाही. शाखाधिकाऱ्यांनाही ते कळत होते, असे मला वाटते. तेव्हा नात्यातल्या कर्जांवरची तपासणी सैल करा, अशी माझी विनंती मुळीच नाही. बँकेतून आलेला, करारावर लिहिलेला, विवरणपत्रात दाखवलेला पैसा आणि कागदावर फिरवलेला पैसा यांत फरक करा, एवढेच म्हणणे आहे.

आदरातिथ्य व्यवसायाला औद्योगिक दर्जा देऊन १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी आणि मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारण्याचा निर्णय राज्याने घेतला. २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगारांचे उद्दिष्ट आहे. अशा धोरणांची सवलत नवीन बांधकामाला आणि बँकेच्या मुदत कर्जाला धरून आखलेली असते. मराठवाड्यात वेरूळ-अजिंठ्यापासून तुळजापूर, औंढा, परळी आणि नांदेडपर्यंत यात्रेकरू आणि पर्यटक ज्या वीस-पंचवीस खोल्यांच्या हॉटेलांत उतरतात, त्यांचा प्रश्न नव्या मजल्याचा नाही, एप्रिल ते जून तग धरण्याचा आहे.

रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्या हातात नाहीत, याची मला जाणीव आहे. परंतु राज्यातल्या सगळ्या बँका जिथे एकत्र बसतात आणि बँक ऑफ महाराष्ट्र जिची निमंत्रक आहे, त्या राज्यस्तरीय बँकर्स समितीपुढे आपल्या विभागाला दोन गोष्टी मांडता येतील. एक, हॉटेलांच्या कर्जाचे हप्ते हंगामाप्रमाणे लहान-मोठे करावेत. पीककर्जाची परतफेड पीक निघाल्यावर असते, तोच न्याय इथे लावण्यात अवघड काही नाही. दुसरी, नातेवाइकाने हमीपत्र दिले असेल तर ते कर्ज संपेपर्यंत न ठेवता, हप्ते सलग दोन-तीन वर्षे वेळेवर गेल्यावर त्यातली ठरावीक रक्कम दर वर्षी मोकळी करावी. आणि तिसरी गोष्ट पूर्णपणे शासनाच्या अखत्यारीतली आहे : तरतूद वितरित झाल्याशिवाय कोणत्याही कार्यालयाने खासगी हॉटेलात कार्यक्रमाची मागणी नोंदवू नये, आणि नोंदवलीच तर मागणीपत्रावर देयकाची तारीख लिहावी. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, एक परिपत्रक पुरे.

आमच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण येत्या मार्चमध्ये आहे. बँकेने मेहुण्यांचे हमीपत्र नव्याने मागितले आहे. मुद्रांक आणून ठेवला आहे, पण या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे आणि त्यांच्यापुढे कागद ठेवण्याचे धाडस मला अजून झालेले नाही. आपल्या विभागाकडून त्यापूर्वी काही कळले तर बरे होईल.

आपला,
वेरूळ रस्त्यावरील एक हॉटेलचालक,
जि. छत्रपती संभाजीनगर