एमाच्या कर्जाचाही हिशेब व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीची विवाहित नायिका एमा, हिला ‘वासनेचा बळी’ ठरवून लेख लिहिणारे पुढे निघून गेले, हे मनाला लागले. १८५७ साली या कादंबरीवरून फ्लोबेरवर खटला चालला तेव्हा सरकारी वकिलाचा रोखही तिच्या व्यभिचारावरच होता. फ्लोबेर निर्दोष सुटला. एमावरचा ठपका अजून तसाच आहे.

मी तीस वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काढली. त्यामुळे असेल, मला या कादंबरीत तिच्या प्रियकरांपेक्षा लेरो हा कापडवाला जास्त दिसतो. तो दारात येऊन कॉलरी, ओढण्या पसरतो, पैशांची घाई नाही म्हणतो. मग हुंडी, म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे देण्याची लेखी हमी; मुदत संपली की नवी हुंडी. शेवटी आठ हजार फ्रँक चोवीस तासांत भरण्याचा हुकूम येतो, घरावर जप्ती येते. जुन्या प्रियकराकडे ती तीन हजार मागते, तो नाही म्हणतो. तिथून निघून ती सोमल हे विष खाते.

एमा शेतकऱ्याची मुलगी. लग्नानंतर एका सरदाराच्या वाड्यावर ती नाचाला गेलेली असते; तिथे उकडते म्हणून नोकर खुर्चीवर चढून दोन काचा फोडतो. त्या आवाजाने ती वळते, तर बाहेर बागेत गावकऱ्यांचे चेहरे काचेला टेकलेले! क्षणभर तिला बापाचे शेत आठवते, दुधावरची साय बोटाने काढणारी ती स्वतः आठवते. घरी आल्यावर नाचातले साटिनचे बूट ती जपून ठेवते. नाचघराच्या जमिनीवरच्या मेणाने त्यांचे तळ पिवळे पडलेले असतात. तिला प्रियकर हवा होता हे खरे, पण त्याआधीपासून तिला त्या काचेच्या आत राहायचे होते. हे वगळून तिच्या वासनेबद्दल कसे बोलणार?

झोलाच्या ‘नाना’ कादंबरीतल्या नाना या गणिकेवर लेखात दोन परिच्छेद आहेत. ती परटिणीची मुलगी, हे मात्र कुठेच नाही.

एमाच्या मुलीचा, बेर्तचा, तर उल्लेखही नाही. आई-बाप गेले, आजीही गेली, तेव्हा एक गरीब नातलग बाई तिला सांभाळते आणि पोटासाठी सूतगिरणीत पाठवते. फ्लोबेरने हे दोन-तीन ओळींत उरकले आहे. मी दर वेळी तिथे थांबते. पुढच्या लेखात त्या मुलीविषयी काही यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा