माठ मुंबईत गार होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकातल्या हवामानाच्या चौकटीत उन्हाळाभर चंद्रपूर ४४, अकोला ४३ असे आकडे ठळक दिसतात आणि खाली कुठेतरी मुंबई ३४. ही चौकट वाचून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्याकडे कसला उन्हाळा? खरा उन्हाळा तिकडे विदर्भात.’ म्हणणारा बहुधा नुकताच पंधरा किलोमीटर धावून आलेला असतो. बनियन पिळून काढावी असा भिजलेला, आणि चेहरा विटेसारखा लाल.

मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन दादरला आले तेव्हा आईने सोबत माठ दिला होता. तीन दिवस वाट पाहिली, पण पाणी काही गार होईना. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, इथे माठ आणि पितळेची कळशी सारखीच.’ पुढे हौसेने कुलर आणला, त्याने खोली गार होण्याऐवजी गाद्या ओल्या केल्या. माठ गार होतो तो पाझरलेलं पाणी वाळतं म्हणून. मुंबईच्या हवेत आधीच एवढी वाफ असते की पाणी वाळायला जागाच नसते. धावणाऱ्याचं अंग म्हणजे चालता-बोलता माठ. अंगावरून निथळून जमिनीवर पडलेला घाम काहीही गार करत नाही, गार करतो तो वाळलेला घाम.

पाऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी पाहिला असेल. घाम वाळून अंग जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, याचा अंदाज तो देतो. अकोल्यात दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर तो साधारण २३ दाखवतो. मुंबईत पहाटे २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २६. म्हणजे आमची गुलाबी पहाट या हिशेबात अकोल्याच्या भर दुपारपेक्षा वाईट. (म्हणून कुणी अकोल्यात दुपारी धावायला जाऊ नये. तिथे वरून ऊन भाजतं आणि हवा अंगापेक्षा तापलेली असते.) त्यात मुंबईच्या पहाटेला वाराही नसतो. भूगोलात पाठ केलेले मतलई वारे तोवर मंदावलेले आणि खारे वारे सुटायला अजून अवकाश. धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम पाव हिस्सा पावलांच्या कामी येतो, बाकीची सगळी उष्णता होते. ती बाहेर कशी जायची?

मी हे एवढ्या आवेशाने लिहिते आहे त्याला कारण आहे. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी माझा भाचा वरळी सी फेसवर कोसळला. वय २९, काटक, पुण्याहून नोकरीसाठी येऊन पुरते दहा दिवसही झाले नव्हते. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत मॅच बघत बसलेला. आमचा गट सहाला निघाला, खरं तर तेव्हाच उशीर झाला होता. पुण्यातला पेस त्याने इथेही सोडला नाही. मी आपली म्हातारीच्या चालीने मागे. साडेसातच्या सुमारास पुढे घोळका दिसला. भाचा कठड्याला टेकून बसलेला. मला बघून म्हणाला, ‘मावशी, माझी लोकल गेली का गं?’ माझ्या पोटात गोळा आला.

घोळक्यातल्या एकाने त्याच्या नाकाला चप्पल लावली होती. दुसरा तोंडात ग्लुकोज ओतायला बघत होता. गिळण्याची शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं, हे ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्याने टॅक्सी थांबवली होती. आणि एक सद्गृहस्थ ठामपणे म्हणाले, ‘घाम येतोय ना? मग उष्माघात नाही.’ हा समज फार पसरलेला आहे. घरात उकाड्याने आजारी पडलेल्या वृद्धाची कातडी कोरडी होते हे खरं, पण धावणारा घामाने न्हालेला असतानाही त्याला उष्माघात होऊ शकतो. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. असंबद्ध बोलणं, झोकांड्या, विनाकारण चिडणं, आपण कुठे आहोत ते न उमजणं यातलं काहीही दिसलं की उष्माघात समजून कामाला लागायचं. काखेतल्या तापमापकावर भरवसा ठेवू नये, आतलं तापमान ४० च्या वर गेलं असलं तरी काख कमी दाखवते. तापाची गोळीही इथे उपयोगाची नाही.

नशीब असं की कोळीवाड्याच्या बाजूने एक कोळीण मासळीची खोकी टेम्पोत चढवत होती. बर्फ मागितला तर तिने अर्धं खोकंच उपडं केलं. काखांत, मानेला, जांघेत बर्फ भरला, जवळच्या बाटल्या अंगावर रिकाम्या केल्या, दोघांनी टी-शर्टने वारा घातला. १०८ ला फोन आधीच केला होता. पाऊण तासासारख्या वाटलेल्या वीस मिनिटांनी त्याने आपल्या आईचा फोन नंबर बिनचूक सांगितला, तेव्हा मी रस्त्यावरच बसले. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं की गाडीत घालण्याआधी गार केलं हेच कामाला आलं. खेळाडूंच्या उष्माघातात हाच नियम आहे : आधी गार करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर सर्वांत उत्तम, आणि पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. कोळिणीने बर्फाचे दोनशे रुपये चोख घेतले. घ्यायलाच हवेत, तिची मासळी उघडी पडली होती.

पारा चाळिशीला टेकल्याशिवाय धोका नाही, हे आपल्या डोक्यातून जात नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये शिकागोची मॅरेथॉन आयोजकांनी मध्येच थांबवली. त्या दिवशी तिथला पारा होता सुमारे ३१, जो आकडा आपण हिवाळ्यातही बघतो. आणि आपल्या दारातलं उदाहरण हवं तर १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जण दगावले. ते धावत नव्हते, उन्हात नुसते बसले होते, आणि तिथला पारा ३८ च्या आसपास होता.

अंगाला उकाड्याची सवय होते, नाही असं नाही. पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस अंतर निम्मं आणि वेग घड्याळाऐवजी श्वासावर ठेवावा लागतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ताप, जुलाब किंवा जागरण झालं असेल तर त्या दिवशी बूट घालूच नयेत. रक्तदाबाच्या किंवा सर्दीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं, काही गोळ्या पाणी किंवा घाम कमी करतात. पाण्याबद्दल मात्र उलट टोकाची भीती घालू नये. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं, आणि त्याचं मोठं कारण होतं गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. तहान लागेल तसं प्यावं. दीड तासाच्या वर धावणार असाल तर मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा लिंबूपाणी बरोबर असावं. धावण्याआधी आणि नंतर वजन केलं तर एक किलो घटीमागे साधारण एक लिटर घाम गेला हे कळतं. मी हे करते आणि दर मे महिन्यात थक्क होते.

आता एक चीड. शिवाजी पार्कला हल्ली वजन उतरवायला अंगात प्लॅस्टिकचं जाकीट चढवून, वर गळ्यापर्यंत चेन लावून धावणारे दिसतात. माठाला रंग फासून पाणी गार व्हायची वाट बघण्यातला हा प्रकार. उतरतं ते पाणी, आणि दोन पेले सरबताने ते परत येतं. मी पस्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. अशा जाकिटातला मुलगा मी रांगेतून बाहेर काढला असता. पण पन्नाशीच्या गृहस्थांना रांगेतून काढायची सोय नाही.

मुंबईत कधीकाळी धावणाऱ्याला, हमालाला, घोड्याला सगळ्यांना रस्त्यात पाणी मिळायचं. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एकोणिसाव्या शतकात शहरभर ४० पाणपोया बांधून दिल्या. भातबाजारातली केशवजी नाईकांची १८७६ ची पाणपोई आजही उभी आहे. आमच्या सकाळच्या वाटेवर मात्र एक नळ आहे, आणि तो मे महिन्यातच कोरडा असतो. पाण्यासाठी कमरेला वीस रुपयांची नोट बांधून धावतो आम्ही.

पण नळासाठी आपल्याला पत्र लिहीत नाही. मागणं एवढंच आहे : मार्च ते जूनमध्ये आपल्या हवामानाच्या चौकटीत मुंबईच्या कमाल तापमानाशेजारी कुलाबा आणि सांताक्रूझची सकाळची आर्द्रता आणि किमान तापमान तेवढ्याच मोठ्या टायपात छापा. ३४ हा आकडा दुपारी घराबाहेर न पडणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. पहाटे पाचला बुटाच्या नाड्या बांधणाऱ्याला २८ आणि ८५ हे आकडे हवे आहेत. रनिंग ग्रुप चालवणाऱ्यांनाही सांगणं आहे की केळी आणि चिक्कीच्या पिशवीबरोबर बर्फाचं एक खोकं गाडीत ठेवा.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त व्यायामशिक्षिका, दादर (पश्चिम)

ता. क. भाचा यंदा पुन्हा धावतो आहे, पहाटे साडेचारला निघून सहाच्या आत परत. मी सायकलवरून मागे असते, कॅरिअरला बर्फाचा थर्मास बांधून. त्या दिवशीचा टी-शर्ट तीनदा धुतला, तरी बोंबलाचा वास गेला नाही म्हणून त्याने तो फेकायला काढला होता. मी परत कपाटात ठेवला आहे.