जाहिरातीची तारीख कळते, जॉइनिंगची कधी कळणार?

प्रति,
मा. रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

मी भुसावळचा. वडील रेल्वेतून निवृत्त झाले. आमच्या गावात पूर्वी घरटी एक माणूस रेल्वेत असायचा, आता घरटी एक पोरगा रेल्वेच्या परीक्षेची तयारी करतो. त्यांच्या वतीने हे पत्र.

रेल्वेत माणूस घ्यायची रीत कधीच साधी सरळ नव्हती. 1853 साली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली आणि पुढे कितीतरी वर्षं इंजिनावर गोरा ड्रायव्हर असे. मग मेल गाड्या आणि गार्डाचा डबा अँग्लो-इंडियन कुटुंबांकडे, आपल्या वाट्याला खडी, रूळ आणि हमाली. ही वाटणी इतकी मुरली होती की ती मोडायला घटनेत कलम 336 घालावं लागलं. अँग्लो-इंडियनांच्या राखीव जागा दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी करत दहा वर्षांत संपवल्या गेल्या.

परीक्षा घेऊन निवड करणारी सर्व्हिस कमिशनं 1940 च्या दशकात आली. 1985 मध्ये त्यांना रेल्वे भरती बोर्ड हे नाव मिळालं. गँगमन, खलाशी मात्र वर्षानुवर्षं रोजंदारीवरच राबत. 1985 मध्येच इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांवरच्या रोजंदारांना टप्प्याटप्प्याने कायम करण्याची योजना मान्य केली, तेव्हा कुठे त्यांच्या हाती काही लागलं. बापाच्या जागी मुलगा हाही एक रस्ता होता. 2004 च्या योजनेत ड्रायव्हर आणि गँगमन मुदतीआधी निवृत्त झाले की मुलाला नोकरी मिळे. उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर 2018 मध्ये रेल्वेने ती बंद केली. त्या योजनेवर आमच्या गल्लीतली घरं उभी राहिली, तरी मला ती कधी पटली नाही. साताऱ्याकडच्या शेतकरी घरातल्या सुरेखा यादव 1989 मध्ये सहायक ड्रायव्हर झाल्या, त्या परीक्षेच्या दारातून. ते दार उघडं राहावं एवढंच मागणं आहे.

आणि तिथेच घोडं अडलंय. 2018 मध्ये सहायक लोको पायलट (म्हणजे पूर्वीचा सहायक ड्रायव्हर) आणि टेक्निशियनची मोठी जाहिरात निघाली, त्यानंतर लोको पायलटची पुढची थेट 2024 च्या जानेवारीत. ग्रुप डीच्या, म्हणजे रुळांवर आणि मदतनीस म्हणून राबणाऱ्यांच्या, एक लाखाहून अधिक जागांची जाहिरात 2019 ची. अर्ज कोटीच्या वर आले आणि परीक्षा झाली 2022 मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत बिहारमध्ये पोरं रुळांवर उतरली, गयेला डबे पेटले. जाळपोळ चूकच. पण तीन वर्षं हॉलतिकिटाची वाट पाहणाऱ्याशी बोलायला तोवर कोण गेलं होतं?

आमच्या अभ्यासिकेत या, म्हणजे वाट पाहणं म्हणजे काय ते दिसेल. लोको पायलटच्या ए-वन या सगळ्यात कडक मेडिकलला चष्म्याशिवाय 6/6 नजर लागते, लेझरने चष्म्याचा नंबर घालवलेला चालत नाही. रात्र रात्र ट्यूबलाइटखाली गणितं सोडवणाऱ्या पोराला पाचव्या वर्षी चष्म्याचा नंबर लागला की सगळी तयारी पाण्यात. म्हणून काही जण लांबचा फळा वाचता येतो का, हे अधूनमधून एकेक डोळा झाकून तपासून बघतात. अभ्यास कमी पडला म्हणून बाहेर पडणाऱ्याचं दुःख वेगळं. नजरेमुळे बाहेर पडणाऱ्याचा अभ्यास झालेला असतो.

2024 पासून तुम्ही भरतीचं वार्षिक वेळापत्रक सुरू केलंत, कोविडचं कारण देऊन वयात तीन वर्षांची सवलत दिलीत. दोन्ही गोष्टी चांगल्या, हे मोकळेपणाने मान्य. पण त्याच वर्षी लोको पायलटच्या 5,696 जागा अर्जांची मुदत संपून गेल्यावर, जूनमध्ये, एकदम 18,799 झाल्या. म्हणजे जागा रिकाम्या होत्याच, फक्त जाहिरातीत नव्हत्या. हजारोंनी तर जागा थोड्या म्हणून फॉर्मच भरला नसेल. शिवाय ते वेळापत्रक जाहिरातीचं आहे. परीक्षा, निकाल, कागदपत्रं, मेडिकल आणि मग जॉइनिंग, या साखळीत कुठे किती दिवस लागणार हे कुणीच सांगत नाही.

तेव्हा प्रत्येक जाहिरातीत नियुक्तीपत्राची शेवटची तारीख छापा. वेळापत्रक चुकलं, तर जितका उशीर तितकी वयात सवलत आपोआप मिळावी, त्यासाठी कुणाला रूळ अडवायला लागू नयेत. 2018 च्या मार्चमध्ये माटुंगा-दादर दरम्यान रेल्वेत नोकरी मागणाऱ्या अप्रेंटिस (रेल्वेतच प्रशिक्षण घेतलेल्या) पोरांनी लोकल रोखल्यावरच त्यांच्याकडे लक्ष गेलं होतं. आणि विभागवार मंजूर पदं किती, भरलेली किती, हा तक्ता दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर टाका. सुरुवात भुसावळ विभागापासून केलीत तरी चालेल.

कळावे,
भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचा मुलगा