पुनरागमनाची घाई

महोदय,

अपघातातून बचावलेल्या वैमानिकाने काही आठवड्यांतच पुन्हा विमान हाती घेतले, की त्याची बातमी बहुधा ‘जिद्दीची भरारी’ अशा थाटाच्या मथळ्याखाली छापली जाते. मी उमेदीची सारी वर्षे लहान विमानांवर शिकाऊ वैमानिकांना शिकवण्यात घालवली असल्याने अशी बातमी वाचताना जिद्दीचे कौतुक वाटण्याआधी मनात येते ते असे, की त्याच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी शेजारच्या आसनावर कोण बसले होते? बातमीत याचे उत्तर सहसा नसते. अमेरिकेच्या अलास्का राज्यातील बुश पायलटांच्या, म्हणजे दुर्गम भागांत लहान विमाने चालवणाऱ्या वैमानिकांच्या, बाबतीत तर ते असायलाच हवे.

तिथल्या ८० टक्क्यांहून अधिक वस्त्या रस्त्यांच्या जाळ्याने जोडलेल्या नाहीत. टपाल, औषधे, किराणा, आजारी माणूस, सारे काही लहान विमानातून जाते, आणि ते विमान अनेकदा धावपट्टीवर नव्हे तर नदीपात्रातल्या खडीच्या पट्ट्यावर, हिवाळ्यात बर्फावर किंवा एखाद्या तळ्यावर उतरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० सालच्या आपल्या अभ्यासात या वातावरणातून येणाऱ्या वृत्तीला ‘बुश सिंड्रोम’ असे नाव दिले होते. धोका हा रोजचाच म्हणून अंगवळणी पडणे, आणि पुढे फेरी पुरी करण्यासाठी नसता धोकाही पत्करणे, असे तिचे वर्णन होते. आणि ही वृत्ती वैमानिकांपुरती न राहता विमानसेवा चालवणाऱ्यांत व प्रवाशांतही मुरलेली असल्याचे मंडळाने नोंदवले होते. माझे म्हणणे असे आहे, की अपघातानंतर वैमानिक परततो तेव्हा त्याच्या परतण्यालाही हीच वृत्ती ग्रासते. हंगाम आखूड असतो, गावे वाट पाहत असतात, घरखर्च थांबत नाही, आणि ‘मी ठीक आहे’ एवढे म्हटले की सगळ्यांचीच सोय होते.

नियम आहेत, पण ते या ठिकाणी तोकडे पडतात. प्रवासी घेऊन जायचे तर आधीच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात, आणि शेपटीखाली चाक असलेल्या विमानात ती पूर्ण थांबून केलेली असावी लागतात. कौशल्याविषयी शंका आल्यास हवाई प्रशासन फेरपरीक्षाही घेऊ शकते. मात्र रात्री झोप लागते का, हे ती परीक्षा विचारत नाही. आपण उडण्यास असमर्थ आहोत हे ठाऊक असताना उडू नये, ही जबाबदारी नियमाने वैमानिकावरच टाकली आहे, आणि तसे उघड बोलल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र अडकण्याची भीतीही त्यालाच आहे. नैराश्यावरील औषध घेणाऱ्याला अमेरिकेत २०१० पर्यंत हे प्रमाणपत्र मिळतच नसे. त्या वर्षी चार औषधांना अटींसह मुभा मिळाली. अशा व्यवस्थेत वाढलेला माणूस मोकळेपणाने बोलेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

अपघातानंतरची भीती विमानात कशी दिसते, हे सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होणार नाही. माझ्याकडे आलेल्या एका वैमानिकाचे विमान उतरताना वेग फार घटल्याने पंखांची उचल तुटून जमिनीवर आदळले होते. खांद्याचे हाड जुळले आणि तो परतला. उतरतेवेळी वेगाचा आकडा मोठ्याने म्हणण्याची त्याला सवय होती. तो ‘पन्नास’ म्हणत असे आणि काटा ताशी साठ मैलांवर असे. खोटे बोलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याला तिथे खरोखर पन्नासच दिसत होते. दुधाने तोंड भाजल्यावर ताक फुंकून प्यावे हे घरात ठीक आहे, पण विमानात फुंकरीचीही किंमत मोजावी लागते. थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पन्नासऐवजी साठने टेकलेल्या विमानाला सुमारे ४४ टक्के अधिक जागा लागते. लांबलचक डांबरी धावपट्टीवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. खडीच्या आखूड पट्ट्यावर मात्र तेच विमान समोरच्या झुडपांत शिरते. पुन्हा अपघात होऊ नये म्हणून घेतलेली काळजीच दुसऱ्या अपघाताला कारण ठरते, आणि शेजारी कोणी नसेल तर काटा साठवर आहे हे सांगणारेही कोणी नसते.

यावर कोणी म्हणेल, की टाळत राहिले तर भीती वाढतेच. ते खरेच आहे, म्हणून मी लांबणीवर टाकण्याचा सल्ला देत नाही. पण मानसशास्त्राचे प्रयोग हेही सांगतात, की एका परिस्थितीत विरलेली भीती दुसऱ्या परिस्थितीत पुन्हा डोके वर काढते. म्हणूनच मोठ्या धावपट्टीवर झालेली तीस निर्दोष अवतरणे नदीपात्रातल्या तीनशे मीटरच्या पट्ट्याबद्दल फारसे काही सिद्ध करत नाहीत. आधी प्रशिक्षकासोबत लांब धावपट्टी, मग आखूड गवताळ पट्टी, मग वारा शांत असताना ओळखीचा खडीपट्टा, तोही रिकाम्या विमानाने, आणि सामान व प्रवासी सर्वांत शेवटी, असा क्रम असावा. हरणासारखे मोठे जनावर पाहण्यासाठी खाली घिरट्या घालताना विमान कोसळणे हा प्रकार अलास्कात इतका परिचित आहे, की वैमानिकांच्या बोलीत त्याला मूस या तिथल्या प्राण्यावरून पडलेले नावच आहे. त्यातून वाचलेल्याने तेच वळण भरपूर उंचीवर, जाणत्याच्या देखरेखीखाली पुन्हा पुन्हा घेतले पाहिजे. या दिवसांचा पगार विमानसेवेने द्यावा. तो मिळाला नाही, तर क्रम कागदावरच राहील.

काही जण परततच नाहीत. कोणी दुरुस्तीच्या शेडमध्ये काम धरतो, तर कोणी हवामान पाहून उड्डाणांना निघण्याची परवानगी देण्याचे काम करतो, आणि त्यांच्यावर बातमी होत नाही. यापुढे आपल्या दैनिकाने पुनरागमनाची बातमी छापताना त्या वैमानिकाला निदान इतके विचारावे, की पहिल्या उड्डाणात सोबत कोण होते, आणि अपघात झाला तसल्या जागी तो पुन्हा किती दिवसांनी उतरला.

आपला,
एक निवृत्त विमानप्रशिक्षक