माननीय ऊर्जामंत्री, माझ्या आईची मागणी कोणत्या रकान्यात धरली?

प्रति,
माननीय केंद्रीय ऊर्जामंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. शिंद्यांच्या काळात इकडे आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. आई 81 वर्षांची आहे, तिला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं मशीन) लागतो.

11 जूनला रात्री पावणेअकराला लाईट गेली. इन्व्हर्टर चाळीस मिनिटं टिकला, मग मशीन किंचाळायला लागलं. मोबाईलच्या उजेडात मी सिलिंडरची किल्ली फिरवत होतो आणि ती फिरत नव्हती. आईची नखं निळसर पडली होती. "अरे, खिडकी उघड," ती म्हणत होती. खिडकी उघडीच होती.

साडेतीनला लाइनमन आला. "लोड पेलत नाही साहेब, ट्रान्सफॉर्मर छोटा पडतोय." हेच एप्रिलमध्ये सांगून आठ दिवसांत बदलण्याचं वचन दिलं होतं. तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे.

2024-25 मधला विजेचा तुटवडा तुमच्या खात्याने 0.1 टक्का दाखवला आहे. आमच्या गल्लीतली लाईट गेली की ग्रिडवरून, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यातून, ओढली जाणारी वीज कमी होते, आणि कागदावर मागणीच घटल्यासारखी दिसते. माझी आई श्वासासाठी धडपडत होती, ती मागणी नव्हती का?

अंदाजांचं तर बोलायलाच नको. विजेच्या मागणीचा अंदाज बांधणाऱ्या अठराव्या सरकारी वीज सर्वेक्षणात 2021-22 साठी कमाल मागणी 283 गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) धरली होती, एकोणिसाव्यात ती 226 वर आणली, प्रत्यक्षात भरली 203. 2025 साठी 270 सांगितली होती. त्या वर्षीचा जून संपत आला तरी आकडा 243 च्या आसपासच अडकला होता, आणि मे 2024 चा 250 चा विक्रमही तोवर मोडला नव्हता. पाऊस लवकर आला, हे खरं. पण ज्या गल्ल्यांना वीज पोचलीच नाही, त्यांचा हिशेब कुणी केला?

2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) वीजक्षमता उभी करायची म्हणता. करा, मला त्याचा अभिमानच वाटेल. पण 2022 साठी 175 गिगावॉट अक्षय ऊर्जेचं वचन होतं, ते त्या वर्षी 120 च्या आसपास थांबलं. आणि सौर पॅनेल रात्री पावणेअकराला काय देणार? जून 2025 मध्ये देशाची स्थापित क्षमता 470 गिगावॉटच्या वर होती, मागणीच्या जवळजवळ दुप्पट, तरी आमचा कोपरा अंधारात. विजेची साठवणूक कुठे आहे? खांबावरच्या त्या लोखंडी डब्यासाठी पैसा कुठे आहे?

2020 च्या ग्राहक हक्क नियमांत चोवीस तास वीज आणि आपोआप भरपाई लिहिली आहे. मला एक पैसा मिळालेला नाही. मी मात्र बिलाला एक दिवस उशीर केला की दंड लागतो. हा कुठला न्याय? प्रत्येक खात्यात हेच चाललंय, नियम आमच्यासाठी आणि आकडे त्यांच्यासाठी.

मागणी एवढीच: ट्रान्सफॉर्मरनिहाय खंडित तास दर महिन्याला जाहीर करा आणि पुढच्या सर्वेक्षणात ते मोजा. आणि आमचा ट्रान्सफॉर्मर बदला. सिलिंडरमध्ये आता दोन तासांचा ऑक्सिजन उरला आहे.

आपला,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक वीजग्राहक